चॅम्पियनांचा वेग नको, त्यांचा बिघडलेला दिवस बघा

कराडहून आलेला प्रश्न थोडक्यात असा: "वय ३८, बँकेत नोकरी. साताऱ्याची हिल मॅरेथॉन तीनदा केली आहे. आता गोव्याची हाफ आयर्नमॅन (पोहणं, सायकल आणि पळणं एकापाठोपाठ) आणि पुढे फुल करायची आहे. फ्रोडेनो, ब्लुमेनफेल्ट, लांगे या आयर्नमॅन विजेत्यांचे व्हिडिओ रोज बघतो. त्यांच्यासारखंच आठवड्याचं वेळापत्रक बनवून दोन महिने पाळलं आणि गुडघा धरला. चॅम्पियन लोकांकडून नक्की काय घ्यायचं आणि काय नाही? आणि टीटी बाइक (पुढे झोपून चालवायची खास शर्यतीची सायकल) घेऊ का?"

गुडघ्यापासूनच सुरुवात करते, कारण तुमचं अर्धं उत्तर तिथंच आहे.

तुम्ही जोडलेलं वेळापत्रक आठवड्याला २४ तासांचं आहे. एवढे तास ज्यांचा हा धंदा आहे तेच करतात, आणि ते उरलेल्या वेळात खातात, मालिश करून घेतात, दुपारी झोपतात. तुम्ही उरलेल्या वेळात कर्जाच्या फायली बघता. व्हिडिओत त्यांचं पळणं दिसतं, झोपणं कुणी शूट करत नाही. गुडघा आधी डॉक्टरांना किंवा फिजिओला दाखवा. मी कोच आहे, गुडघ्यावर बोटं ठेवून निदान सांगायचा आगाऊपणा मी करत नाही.

माझ्याबद्दल दोन वाक्यं, म्हणजे मी कुठून बोलतेय ते कळेल. मूळची सांगलीची. आयर्विन पुलाजवळच्या घाटावर आजोबांनी पाठीला पत्र्याचा डबा बांधून कृष्णेत ढकललं, तिथं पोहायला शिकले. लग्न होऊन साताऱ्यात आले, सायकल आणि पळणं इथल्या घाटांनी शिकवलं. दोन फुल आयर्नमॅन पूर्ण केल्या, तिसरी अर्धवट सोडली. गेली १४ वर्षं पहाटे पोरांना आणि पोरांच्या आयांना पळवते.

आता चॅम्पियन. तुम्ही त्यांचे जिंकलेले दिवस बघताय. ते बघायला छान असतात, पण त्यातून शिकण्यासारखं फार थोडं असतं. सगळं जमून आलेल्या दिवशी ८ तासांच्या आत फुल संपवणारा माणूस काय करतो हे कळून तुम्हाला-मला उपयोग काय? त्यांचे बिघडलेले दिवस बघा. पोटानं दगा दिला, टायर फुटलं, पाठ धरली, तेव्हा त्यांनी काय केलं ते बघा. आपल्यासारख्यांची शर्यत तशीच असते. पहिल्या तासापासून काही ना काही बिघडत असतंच.

आकडे एकदा डोक्यात पक्के करून घ्या. फुल म्हणजे ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि त्यावर ४२.२ किलोमीटरची अख्खी मॅरेथॉन. हाफ म्हणजे याच्या निम्मं, १.९, ९० आणि २१.१. फुलसाठी साधारण १७ तास मिळतात. १९७८ साली हवाईत ओआहू बेटावर ही पहिल्यांदा झाली तेव्हा १५ जण निघाले आणि १२ जण पोचले. पहिला आलेल्या गॉर्डन हॉलरला पावणेबारा तास लागले होते. म्हणजे आज आपल्याकडचा नोकरी करणारा एखादा चिवट गडी त्या पहिल्या विजेत्याच्या बरोबरीनं येऊ शकतो. दुसरा आलेला जॉन डनबार बरोबरच्या माणसांकडचं पाणी संपल्यावर बिअर पिऊन पळाला होता. बिघडलेल्या दिवसाची परंपरा अशी पहिल्या वर्षापासूनची आहे.

तुमच्या यादीत मार्क ॲलनचं नाव नाही. यूट्यूबच्या आधीचा माणूस, म्हणून सुटला असेल. माझ्या मते शिकायचं तर सगळ्यात आधी त्याच्याकडून.

ॲलन १९८२ मध्ये पहिल्यांदा हवाईच्या शर्यतीत उतरला आणि सायकलचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलणारा भाग, मोडून बाहेर पडला. तेव्हापासून १९८८ पर्यंत तो सहा वेळा तिथं गेला आणि सहाही वेळा हरला. इतर लांब शर्यती तो जिंकत होता, पण कोनाला, म्हणजे हवाईत ही शर्यत होते त्या गावी, गेला की काहीतरी व्हायचंच. १९८७ ला तर पुढे असताना शरीर कोसळलं आणि आतून रक्तस्राव झाला. समोर डेव्ह स्कॉट, ज्यानं तोवर सहा वेळा ती शर्यत जिंकलेली. मग आलं १९८९. त्या दिवशी ॲलननं ठरवलं की स्कॉटच्या पुढे जायचंच नाही. पाण्यात त्याच्या पायांमागे, सायकलवर त्याला नजरेसमोर ठेवून, आणि मॅरेथॉनमध्ये खांद्याला खांदा लावून. जवळजवळ आठ तास दोघं एकमेकांपासून हलले नाहीत. शेवटचे दोन-तीन किलोमीटर राहिले असताना चढावर ॲलन सुटला आणि ५८ सेकंदांनी जिंकला. ८ तास ९ मिनिटं १५ सेकंद विरुद्ध ८:१०:१३. तिसरा आलेला ग्रेग वेल्श २० मिनिटांहून मागे होता. त्यानंतर ॲलनही एकूण सहा वेळा जिंकला.

लोक यात ते ५८ सेकंद बघतात. मला त्याआधीचे आठ तास मोठे वाटतात. पायात ताकद असताना ती न वापरणं, आणि तेही सहा वेळा हरलेल्या माणसानं. यवतेश्वरच्या घाटात तुम्ही तीनदा पळलाय, तुम्हाला हे सांगायला नको. शहरातून वर चढायला लागलं की पहिल्या दोन किलोमीटरला ढोल-ताशांच्या जोशात जे आपल्याला मागं टाकून जातात, त्यातले कितीजण परतीच्या उतारावर रस्त्याच्या कडेला पोटरी चोळत बसलेले दिसतात! पहिल्या वर्षी त्यात तुम्हीही असणार. मी होते.

ॲलनची दुसरी गोष्ट तुमच्या गुडघ्याशी थेट निगडित आहे. फिल मॅफेटोन नावाच्या माणसानं त्याला सांगितलं होतं की हृदयाचे ठोके एका मर्यादेच्या वर जाऊ द्यायचे नाहीत. त्याची मर्यादा १५५ होती. जगातल्या सर्वांत वेगवान ट्रायथलीटांपैकी एक, आणि त्या ठोक्यांवर पळताना सुरुवातीला त्याला किलोमीटरला पाच मिनिटांहून जास्त लागायला लागली. लाज वाटेल असा वेग. पण तो तसाच पळत राहिला, आणि साधारण वर्षभरानं त्याच १५५ ठोक्यांवर तो किलोमीटरला साडेतीन मिनिटांच्या आत आला. त्या पद्धतीचं ढोबळ सूत्र असं, की १८० तून वय वजा करायचं. तुमचे झाले १४२. सूत्र ढोबळच आहे, माणसागणिक पाच-दहा ठोके इकडे-तिकडे होतात. पण कास रोडला १४२ वर पळून बघा. चढाला तुम्हाला चालावं लागेल. चाला. शेजारून कॉलेजची पोरं हसत जातील. जाऊ द्या.

आणि नेमकं हेच ब्लुमेनफेल्ट करतो, फक्त तुम्ही व्हिडिओत ते ओळखलं नाही. तो, गुस्ताव ईडन आणि कास्पर स्टोर्नेस हे तिघं नॉर्वेच्या बर्गेन शहरातले. ब्लुमेनफेल्टनं २०२१ मध्ये टोकियो ऑलिम्पिकचं सुवर्ण घेतलं आणि २०२२ च्या मे महिन्यात सेंट जॉर्जला फुल अंतराचं जागतिक विजेतेपद. त्याच वर्षी कोनाला ईडन ७ तास ४० मिनिटांत जिंकला. २०२५ ला नीसमध्ये तर पहिले तीन हे तिघंच, स्टोर्नेस, ईडन, ब्लुमेनफेल्ट या क्रमानं. ते सरावात मधेच थांबून रक्ताचा थेंब काढतात आणि त्यातलं लॅक्टेट (जोर वाढला की रक्तात वाढणारा पदार्थ) मोजतात, हे तुम्ही बघितलं असेल. लोकांना वाटतं, केवढी मेहनत, रक्त काढून पळतात! पण ते बहुतेक वेळा बघतात ते इतकंच, की ठरवल्यापेक्षा जोरात तर जात नाही ना. आकडा जास्त आला की वेग कमी करतात. थोडक्यात, ते यंत्र लगाम आहे, चाबूक नव्हे. तुम्हाला ते विकत घ्यायची गरज नाही. पळता पळता घरी फोन लावून बाजाराची यादी धाप न लागता पूर्ण सांगता आली, तर वेग बरोबर आहे.

बाहेरचीच उदाहरणं कशाला, आपल्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर घ्या. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत सलग तीनदा पहिली, आणि मग ३,००० मीटर स्टीपलचेसकडे (अडथळ्यांच्या शर्यतीकडे) वळून २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये थेट अंतिम फेरीत दहावी. आधी लांबचं पळून पाय तयार केले, मग त्यावर वेग चढवला. तुम्ही दोन महिन्यांत उलट्या बाजूनं सुरू केलंत, आठवड्यातून तीन वेळा ट्रॅकवर इंटरव्हल, म्हणजे थांबून थांबून जोरात पळणं. गुडघा बोलणारच.

आता बिघडलेले दिवस.

पॉला न्यूबी-फ्रेझर ही कोनाची सम्राज्ञी, आठ वेळा जिंकलेली. १९९५ ला ती आठव्या विजयासाठी निघाली होती. सायकलवरून उतरली तेव्हा मोठी आघाडी होती. पण मागून कॅरन स्मायर्स पळत जवळ येतेय हे कळल्यावर तिनं शेवटच्या टप्प्यातले पाण्याचे थांबे टाळले. तेवढे सेकंद वाचवायला. अंतिम रेषा काहीशे मीटरवर असताना पाय लटपटले आणि ती रस्त्यावर बसली, मग आडवी झाली. स्मायर्स पुढून गेली. पॉला बराच वेळ तशीच पडून होती, मग उठून अनवाणी चालत गेली आणि चौथी आली. पुढच्याच वर्षी परत येऊन तिनं आठवी जिंकली.

आठ वेळा जिंकणारी बाई पाण्याचे थांबे टाळते, तिथं आपण कोण? आणि हे जुन्या काळातलं म्हणून सोडून देऊ नका. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये कोनाला महिलांच्या शर्यतीत लूसी चार्ल्स-बार्कले आणि टेलर निब या दोघी पुढे होत्या. लूसीला उष्णतेनं मॅरेथॉनमध्येच थांबावं लागलं. निब आघाडीवर गेली आणि शेवटचे थोडेच किलोमीटर उरलेले असताना तीही कोसळली. जिंकली ती मागून आपल्या हिशेबानं पळत आलेली नॉर्वेची सोल्वाइग लोवसेत, आणि तिची ती कोनाची पहिलीच शर्यत होती.

माझी तिसरी शर्यत याच कारणानं सुटली. परदेशात होती. सायकलवर माझी एक बाटली खड्ड्यात उडाली, त्यात माझं निम्मं खाणं होतं. घाबरून पुढच्या थांब्यावर जे हातात दिलं ते जेल (पाकिटातला साखरेचा घट्ट पाक) घेतलं, कधीही न चाखलेलं, एकापाठोपाठ तीन. वर पाणी कमी. मॅरेथॉनच्या अकराव्या किलोमीटरला एका कुंपणाला धरून मी जे ओकत होते ते थांबेना. चूक सगळी माझी. बाटली पडणार हे गृहीत धरून मी काहीच ठरवलेलं नव्हतं.

म्हणून आता माझ्याकडे येणाऱ्याला मी पहिल्या महिन्यात पळण्याआधी खायला शिकवते. माझ्याकडे एक एसटीचा कंडक्टर आहे. कोरेगाव रोडनं पुसेगाव आणि परत, सुमारे ८० किलोमीटरची त्याची रविवारची सायकल. मार्चमधली गोष्ट. निघताना त्याच्या मेव्हण्याच्या धान्याच्या दुकानातल्या काट्यावर त्याचं वजन केलं, ६८ किलो ४००. साडेतीन तासांनी आला तेव्हा अंगावर मिठाच्या रेघा, टोपीच्या पट्टीवर पांढरी खरपूड. अंग पुसायला लावून पुन्हा काट्यावर उभा केला, ६६ किलो १००. मधे दीड लिटर पाणी प्यायला होता. म्हणजे २.३ अधिक दीड, ३.८ लिटर घाम. तासाला लिटरहून जास्त. विचारलं, खाल्लं काय? "मॅडम, पुसेगावला मिसळ." मिसळीशी माझं वैर नाही, पण सायकलवर तर्री पोटात खेळवत परत येणारा माणूस पुढे पळणार कसा?

त्याला मी तासगावचे बेदाणे दिले. हे थोडं समजून घ्या. मोठे खेळाडू सायकलवर तासाला ९० ग्रॅम आणि काहीजण त्याहून जास्त कर्बोदकं पोटात घालतात. नुसतं ग्लुकोज घेतलं तर आतडी तासाला साधारण ६० ग्रॅमच उचलतात. फ्रुक्टोज वेगळ्या वाटेनं आत जातं, म्हणून दोन्ही मिसळली की जास्त जिरतं. महागड्या जेलच्या पाकिटावर जे मिश्रण लिहिलेलं असतं ते हेच. आणि बेदाण्यात ग्लुकोज-फ्रुक्टोज दोन्ही जवळपास सारखं असतं, १०० ग्रॅममध्ये ७५ ते ८० ग्रॅम कर्बोदकं. सांगली जिल्ह्यानं जगाला दिलेलं एनर्जी जेल आहे ते, फक्त आपण ते शिऱ्यात घालतो. ५० ग्रॅमच्या पुड्या केल्या, दर ४० मिनिटांनी एक. तासाला ५५-६० ग्रॅमच्या आसपास जातं, सुरुवातीला तेवढं पुरे. एकदम ९० वर जाऊ नका, पोटालाही महिनोन्महिने सराव लागतो. पळताना मात्र बेदाणे चावत बसणं जमत नाही आणि त्यातल्या चोथ्यानं काहींचं पोट गुरगुरतं. तिथं गुळाचं पाणी, लिंबू आणि मीठ. मीठ विसरू नका. तासन्तास घाम गाळून नुसतं पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम खाली जातं, आणि ते तहानेपेक्षा जास्त धोक्याचं असतं.

कंडक्टरसाहेबांनी घड्याळात गजर लावले आणि त्याला स्वतःची भाषा दिली. सिंगल बेल म्हणजे पाणी, डबल बेल म्हणजे बेदाणे. आता आमच्या सगळ्या ग्रुपमध्ये हेच चालतं. चढावर मागून कुणीतरी ओरडतं, "डबल!" आणि दहा हात खिशात जातात.

क्रिसी वेलिंग्टनचा एक दिवस बघा. ही इंग्लंडची सरकारी नोकरी करणारी बाई, नेपाळमध्ये विकासकामाला गेली असताना तिथल्या डोंगरांत सायकल चालवायची. २००७ ला व्यावसायिक झाली आणि त्याच वर्षी, तिशीत, कोना जिंकली. २००८ ला पुन्हा पुढे असताना तिचं टायर पंक्चर झालं. ट्यूब बदलली, पण हवा भरायची गॅसची नळकांडी वाया घालवली. रस्त्याच्या कडेला हात हलवत उभी. मागून आलेली प्रतिस्पर्धी रिबेका कीट हिनं जाता जाता आपल्याकडची नळकांडी तिच्याकडे टाकली. क्रिसी पुन्हा निघाली, गेलेल्या सगळ्यांना गाठलं आणि जिंकली. फुल अंतराच्या १३ शर्यती ती खेळली आणि एकही हरली नाही. पण मला आठवते ती रस्त्याच्या कडेची क्रिसी. जगातली सर्वांत वेगवान बाई, आणि पंक्चर काढताना आपल्यासारखीच गडबडलेली.

यासाठी आपल्याकडे जागा आहे चाळकेवाडी. ठोसेघरच्या वरचं पवनचक्क्यांचं पठार. कोनाच्या सायकल मार्गावर हावी गावाकडे जाताना आडवे वारे सायकलस्वाराला अक्षरशः उचलून बाजूला ठेवतात. आपल्या पठारावर पवनचक्क्या उगाच नाही लावल्या. पाऊस उघडल्यावर, धुकं नसताना तिथं जा आणि आडव्या वाऱ्यात हात कुठे ठेवायचे, खांदे कसे सैल सोडायचे ते शिका. मी तिथं अजून एक करते. कुणी चहाला थांबलं की गुपचूप त्याच्या मागच्या चाकाची हवा सोडते. परत आला की घड्याळ लावते. पुढचं चाक सगळे बदलतात, मागच्याला चेन आडवी येते, हात काळे होतात, वाऱ्यात ट्यूब फडफडते, आणि टायरमध्ये अडकलेला बाभळीचा काटा बोटानं चाचपून काढायचं राहून जातं. मग नवी ट्यूबही दोन मिनिटांत पंक्चर होते. आमच्यातल्या एका डॉक्टरबाईंना पहिल्यांदा २३ मिनिटं लागली, वर मला दोन शिव्या. आता सातच्या आत होतं.

डॅनिएला रिफला २०१८ ला कोनामध्ये पाण्यात उतरल्या उतरल्या, शर्यत सुरू व्हायच्या आधीच, जेलीफिश डसली. पोहून बाहेर आली तेव्हा लूसी चार्ल्सच्या नऊएक मिनिटं मागे होती. सोडून द्यावं असं मनात आलं होतं म्हणे. ती सायकलवर बसली, आणि त्या मार्गावरचा महिलांचा तोवरचा विक्रम करून ८ तास २६ मिनिटांत जिंकली. यातून धैर्य वगैरे काढू नका. काढायचं ते असं, की फुलमध्ये पोहणं सर्वांत छोटा भाग आहे आणि तिथं गेलेली मिनिटं परत मिळवायला पुढे दिवसभर असतो. म्हणून पाण्यात घाबरून हातपाय मारू नका.

पाण्याबद्दल मात्र एक सक्त सूचना. प्रीतिसंगम घराजवळ आहे म्हणून एकटे नदीत सरावाला उतरू नका. खाली सांगलीकडे भिलवडी-औदुंबरच्या पट्ट्यात कृष्णेत मगरी आहेत, माणसं गेलीत. मी जिथं लहानपणी डबा बांधून पोहले तिथंही आता सकाळी एकटीनं उतरणार नाही. कण्हेरसारख्या धरणाच्या पाण्यात जायचं तर परवानगी, सोबत होडी आणि कमरेला बांधायचा रंगीत फुगा, हे तिन्ही असेल तरच. बाकी तंत्र तलावातच शिका. गोव्याच्या आधी दोन-तीन वेळा कुंभार्ली उतरून गुहागरला जा, पोहणाऱ्या सोबत्यांबरोबर, आणि लाटेत श्वास कोणत्या बाजूला घ्यायचा ते अंगवळणी पाडा. तलावात हजार मीटर सरळ पोहणारा माणूस समुद्रात पहिल्या दिवशी गोल फिरतो.

फ्रोडेनो तुमचा आवडता, त्याचाही एक दिवस सांगते. २००८ चा ऑलिम्पिक विजेता, २०१५ आणि २०१६ चा कोना विजेता. २०१७ ला मॅरेथॉनच्या सुरुवातीलाच पाठ अशी धरली की तो रस्त्यावर थांबला, वाकला, चालायला लागला. एवढा मोठा माणूस, गाडीत बसून हॉटेलवर गेला असता तर कुणी नाव ठेवलं नसतं. तो चालत-पळत पोचला, सव्वानऊ तासांत. ती वेळ तुम्हाला-मला स्वप्नवत, त्याच्यासाठी नामुष्की. दोन वर्षांनी, २०१९ ला, ७ तास ५१ मिनिटांत तो पुन्हा जिंकला, आणि तेव्हा त्याचं वय ३८ होतं. तुमच्याइतकंच. डेव्ह स्कॉट तर १९९४ ला चाळिसाव्या वर्षी परत येऊन दुसरा आला. मिलिंद सोमणनं पन्नाशीच्या उंबरठ्यावर, २०१५ ला, झुरिकची फुल १५ तासांहून थोड्या जास्त वेळात केली. तेव्हा वयाची घाई करू नका.

तासांचं म्हणाल तर तुमच्या नोकरीत आठवड्याला नऊ-दहा पुरे, हाफसाठी नक्की. त्यातली लांब सायकल रविवारी, आणि ती संपली की लगेच १५-२० मिनिटं पळणं, पाय लाकडासारखे वाटतात तो अनुभव घेण्यासाठी. पोहणं तीनदा. वेगाचं काम आठवड्यातून एकदाच, तेही गुडघा पूर्ण शांत झाल्यावर. एक दिवस काहीही नाही. तो दिवस तुम्ही खाणार हे मला माहीत आहे, म्हणून मुद्दाम लिहितेय.

राहिली टीटी बाइक. घेऊ नका. सायकलवर वाऱ्याचा जो विरोध होतो त्यात सर्वांत मोठा वाटा सायकलचा नसतो, आपल्या अंगाचा असतो. आहे त्या रोड बाइकला क्लिप लावून बसवायचे एरोबार (पुढे झुकून हात टेकवायचे दांडे) घ्या, एकदा नीट फिटिंग करून घ्या, सीटची उंची गुडघ्याला जुळते का ते तिथंच कळेल. माझा संशय तर तिथंच आहे. शिवाय टीटी बाइक घेऊन तुम्ही सराव करणार कुठे? आपल्याकडे वीस किलोमीटर गेलं की घाट लागतो, आणि एरोबारवर झोपून खंबाटकी उतरायचा विचारही करू नका. वाचलेल्या पैशातला थोडा भाग पोहण्याच्या कोचला द्या.

फिजिओनं हिरवा कंदील दाखवला की कुठल्याही रविवारी सकाळी सहाला बोगद्याशी या, तिथून आम्ही चाळकेवाडीला निघतो. दोन बाटल्या, बेदाण्याच्या चार पुड्या, दोन ट्यूब, टायर लिव्हर आणि पंप बरोबर आणा. हवा मी सोडेन.